गुवाहाटी, फक्त तीन तास

एका गावात एक भोळा मामा होता. तसा तो मामा एकाच मुलीचा, पण अख्खं गाव त्याला केरबामामा म्हणायचं. भोळा म्हणजे किती? तर सांगितलं तेवढंच करायचा. गावात बाकी कुणीच सांगितलेलं करत नसल्यामुळे तो मूर्ख ठरला होता.

गाव सांगलीकडच्या माळावर. पाऊस कमी, दगड जास्त. म्हणून निम्मं गाव सोनं गाळायच्या धंद्याला देशभर पांगलेलं. कुणी कोइमतूरला, कुणी अमृतसरला. केरबाची थोरली बहीण आक्का गुवाहाटीला. तिथं दाजींचं गलाईचं दुकान. सराफांचं सोनं वितळवायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं.

आक्काची मुलगी तेजू दहावीपर्यंत मामाकडंच वाढली. ओढ्याला पाणी आलं की केरबा तिला खांद्यावरून शाळेत सोडायचा. एकदा ती म्हणाली, "मामा, इथंच थांब." शाळा सुटेपर्यंत तो तिथंच उभा राहिला. मध्ये गारा पडून गेल्या. तो उभाच.

तेजूचं लग्न ठरलं. गुवाहाटीतच. नवरीला मामाची पिवळी साडी लागते. नवरीला पाटावर मामानं आणायचं असतं आणि अक्षता संपेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं असतं. तेजूनं फोन केला.

"मामा, तू मागं उभा असल्याशिवाय मी अंतरपाटासमोर उभी राहणार नाही. कळलं का?"

"कळलं. मागं उभं राहायचं."

"आणि साडी?"

"पिवळी."

एवढंच काम होतं. दोन हजार किलोमीटरवर जाऊन एका मुलीच्या मागं उभं राहायचं.

आधी सुपारी फोडायचा कार्यक्रम होता. दाजींनी पुण्याहून गुवाहाटीचं तिकीट काढलं आणि फोनवर समजावलं, "केरबा, घाबरायचं नाही. फक्त तीन तास लागतात. दहाला निघायचं, एकला गुवाहाटी. जेवायला इथं."

केरबानं ते पाठ केलं. ठरल्या दिवशी सकाळी सातला तो तयार होऊन उंबऱ्यावर बसला. आठ वाजले, नऊ वाजले. शेजारी म्हणाले, जा की. तो म्हणाला, "दहाला निघायचंय." दहाच्या ठोक्याला त्यानं उंबरा ओलांडला. मग एसटीची वाट बघितली, मग एसटी मिळाली, मग तालुका, मग दुसरी एसटी. पुण्याच्या विमानतळावर पोचला तेव्हा चार वाजले होते.

दारावरच्या शिपायानं तिकीट बघितलं. "हे विमान केव्हाच गेलं."

"असं कसं? मी बरोबर दहाला निघालो."

"कुठनं?"

"घरातनं."

शिपायानं त्याला बाजूला बसवून पाणी दिलं. गुवाहाटीत सुपारी मामाशिवाय फुटली. दाजी फोनवर कडाडले, "अरे, कुठंही निघायचं तर सुटायच्या तीन तास आधी जाऊन बसावं लागतं. सगळी तयारी करून."

"बरं," केरबा म्हणाला. "पुढच्या खेपेला ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं.

पंधरा दिवसांनी पाटलांचे अण्णा आजारी पडले. वय ब्याण्णव. दोन दिवस डोळा उघडला नव्हता. चावडीवर माणसं हलक्या आवाजात बोलत होती, "अण्णा आज निघतात बहुतेक. संध्याकाळ काय बघत न्हाईत."

केरबानं हिशेब केला. संध्याकाळी निघायचं, म्हणजे दुपारी जाऊन बसलं पाहिजे. सगळी तयारी करून. त्यानं दोन लांब बांबू तोडले, कडबा घेतला, कुंभाराकडून मडकं आणलं, पांढरं कापड फाडून आणलं आणि दुपारी तीनला पाटलांच्या सोप्यावर नेऊन ठेवलं. मग भिंतीला टेकून बसला आणि बांबू बांधायला लागला.

खडखड ऐकून अण्णांनी डोळा उघडला. "कोण हाय रं? काय बांधतोस?"

"मी केरबा, अण्णा. तुमचंच बांधतोय."

"माझं?"

"तुम्ही निघायला अजून तीन तास हाईत. आधी आलेलं बरं असतं. सावकाश होऊ द्या."

अण्णा उठून बसले. मग उभे राहिले. कोपऱ्यातली काठी त्यांनी स्वतः उचलली आणि केरबाला वेशीपर्यंत सोडून आले. डॉक्टरला जे दोन दिवसांत जमलं नाही ते बांबूनं केलं. पण उपकार कोण मानतो? अण्णांचा मुलगा दिनकरराव त्याला गाठून म्हणाला, "अक्कल गहाण टाकलीस काय? अशा वेळी रिकाम्या हातानं यायचं. मान खाली घालायची, डोळे पुसायचे, आणि कुणी काही विचारलं तरी तोंडातनं शब्द काढायचा न्हाई."

"बरं," केरबा म्हणाला. "पुढच्या खेपेला ध्यानात ठेवतो."

पुढची खेप साखरपुड्याची. दाजींनी पुन्हा तिकीट काढलं. या वेळी केरबा आदल्या दिवशीच निघाला. विमान दहाचं, हा सकाळी सातला पुण्याच्या विमानतळावर. वेळ बिनचूक. पिशवी मात्र घरी. साडी घरी, तिकीट घरी, आधार कार्ड घरी. मोकळे हात हलवत तो दारापाशी गेला, मान खाली घातली आणि डोळे पुसायला लागला.

तोच शिपाई होता. "काका, तिकीट?"

केरबानं डोळे पुसले.

"ओळखपत्र?"

केरबानं पुन्हा डोळे पुसले.

शिपाई विरघळला. "कोण गेलं, काका?"

केरबा गप्प. मागं रांग वाढत गेली. एक बाई म्हणाल्या, बिचाऱ्याला पुढं तरी घ्या. दुसऱ्या एकानं खांद्यावर हात ठेवला. तीन तास सगळ्यांनी त्याचं सांत्वन केलं, आणि मग दहाचं विमान गेलं. तेव्हा केरबानं तोंड उघडलं.

"आता गेलं," तो म्हणाला.

शिपायानं कपाळावर हात मारला. "अहो, ओळखपत्र दाखवल्याशिवाय इथं कुणाला आत सोडत नाहीत. माणूस कितीही मोठा असो. ओळखपत्र बघायचं, बूट-पट्टा काढायला लावायचा, पाण्याची बाटली काढून घ्यायची, हात वर करायला लावून चाचपायचं, मग आत. समजलं?"

"बरं. पुढच्या खेपेला ध्यानात ठेवतो."

साखरपुडाही मामाशिवाय झाला. गुवाहाटीत कुजबुज सुरू झाली, की नवरीला मामा आहे की नाही. मुलाचे वडील जगन्नाथराव मूळचे इकडचेच, चार गावं पलीकडचे. कुलदैवताला पत्रिका ठेवायला ते गावी आले, तर वाटेत वाकडी वाट करून मामाला मानाचं आमंत्रण द्यायला थांबले. फेटा, कोट, नवा करकरीत बूट. हातात नारळ. मोठ्या मनाचा माणूस, नाहीतर कोण थांबतो?

केरबा दारात आडवा उभा.

"राम राम मामा. ओळखलंत का?"

"ओळखपत्र बघू."

जगन्नाथराव हसले. त्यांना वाटलं, पाहुणा थट्टेखोर दिसतो. त्यांनी आधार कार्ड काढून दाखवलं. केरबानं ते उजेडात धरलं, फोटो बघितला, चेहरा बघितला, पुन्हा फोटो बघितला.

"बूट काढा."

"काढतो की. घरात जाताना काढायचाच असतो."

"पट्टा काढा."

इथं जगन्नाथरावांचं हसू थांबलं. पण सोबतची माणसं बघत होती, म्हणून त्यांनी पट्टा काढला आणि एका हातानं विजार धरली. केरबानं त्यांची पाण्याची बाटली घेऊन तुळशीला ओतली. नारळ कानाशी हलवून बघितला आणि म्हणाला, "ह्यात पाणी हाय. हेही चालायचं न्हाई."

"आणखी काही?"

"हात वर करा."

त्यांनी रागानं दोन्ही हात झटकले. विजारीनं संधी साधली.

त्या दिवशी लग्न मोडलंच होतं. तेजूनं सासऱ्यांना फोन करून तासभर समजूत घातली. जगन्नाथराव शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पण तुझा हा मामा लग्नात तुझ्या मागं उभा दिसला पाहिजे. एवढा अपमान सोसला तो ज्या मामासाठी, तो मामा मला बघायचाय. नाहीतर मी अंतरपाट धरू देणार नाही."

आता सगळं केरबाच्या पोचण्यावर आलं. आक्का फोनवर रडली. "केरबा, अरे तपासणी घरात करायची नसते. विमानतळावर करायची असते."

"विमानतळावर," केरबा म्हणाला. "बरं. ध्यानात ठेवतो."

लग्न माघात होतं. गोरज मुहूर्त, पाच वाजून बारा मिनिटांनी. लग्नसराईत तिकिटं मिळेनात. शेवटी त्याच दिवशी सकाळी दहाचं मिळालं. दाजींनी ओळीनं सांगितलं, "आदल्या संध्याकाळी घर सोड. तीन तास आधी विमानतळावर बस. पिशवी घे, साडी घे, आधार घे. एकला उतरशील. वेळ आहे भरपूर. फक्त तीन तास लागतात."

सगळं चोख होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या गायरानात एक पाटी उभी राहिली.

पाटी केवढी, तर घराएवढी. वर उजव्या बाजूला साहेबांचा फोटो, हात जोडलेला, हसरा. खाली ठळक अक्षरात: 'विमानतळ'. त्याच्या आधी 'नियोजित' असा एक शब्द होता, पण तो इतका बारीक होता की मुंगीनं वाचला असता. त्याखाली गावं, अंतरं आणि वेळ. कोइमतूर, साडेसातशे किलोमीटर, सव्वा तास. अमृतसर, सोळाशे किलोमीटर, सव्वादोन तास. गुवाहाटी, दोन हजार किलोमीटर, फक्त तीन तास.

तालुक्याचं नाव पाटीवर नव्हतं. तालुका अठरा किलोमीटर. वेळ दीड तास, खड्डे कोरडे असले तर.

केरबानं पाटी सावकाश वाचली. पुणं पावणेदोनशे किलोमीटर. ही पाटी घरापासून दोन किलोमीटर. गुवाहाटी तिथूनही तीन तास, इथूनही तीन तास. पुण्याला जायचंच कशाला? त्याला मूर्ख म्हणायच्या आधी हेही सांगितलं पाहिजे, की पाटीच्या गाडीबरोबर पेढे आले होते, आणि ते गावातल्या सगळ्या शहाण्यांनी खाल्ले होते.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी केरबानं सांगितल्याप्रमाणे घर सोडलं, रात्र देवळात काढली आणि सकाळी सातला, बरोबर तीन तास आधी, पिशवी घेऊन पाटीखाली जाऊन बसला. थोड्या वेळानं तालुक्याची एसटी त्याच्या पुढ्यात थांबली. कंडक्टर म्हणाला, "मामा, पुणं?"

"नको. आम्ही विमानानं."

नऊला साहेबांच्या गाड्या आल्या. भूमिपूजन होतं. मांडव, माईक, चारशे माणसं. साहेब गाडीतून उतरले तर समोर केरबा आडवा.

"ओळखपत्र बघू."

साहेबांनी स्वतःच्या फोटोकडं बोट दाखवलं. केरबानं फोटो बघितला, चेहरा बघितला. "फोटो जुना हाय," तो म्हणाला. "चालवून घेतो. बूट काढा."

पूजेला बूट काढायचेच होते. साहेबांनी काढले.

"हात वर करा."

कॅमेरे सुरू होते. साहेब कसलेले होते. त्यांनी हसत दोन्ही हात वर केले. गर्दीला वाटलं, नमस्कार करतायत. चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. केरबानं बिनघोर चाचपून घेतलं आणि बाजूला झाला. "जावा आत."

आत म्हणजे माळच होता. साहेब गेले.

भाषणात साहेब म्हणाले, "बंधूंनो, आता गुवाहाटी लांब नाही. इथून बसा, तीन तासांत उतरा." केरबानं बसल्या जागी हात वर केला.

"साहेब, गुवाहाटीचं विमान कधी?"

"लवकरच," साहेब म्हणाले. पुन्हा टाळ्या.

केरबा निर्धास्त झाला. गाड्या गेल्या, मांडव गेला, चारशे माणसं गेली. तो पाटीखाली राहिला.

एक वाजता दाजींचा फोन आला. मागं सनईचा आवाज होता. "केरबा, कुठं आहेस?"

"विमानतळावर."

दाजी सनईच्या वर ओरडले, "शाबास, पठ्ठ्या. पोचलास. सामान?"

"हाय. साडी हाय, आधार हाय."

"तिथंच थांब. जागचा हलू नकोस. गाडी पाठवतो."

"बरं," केरबा म्हणाला.

तिकडं गाडी सजवून निघाली. मामाचा मान म्हणून जगन्नाथरावांनी बँडही पाठवला. गुवाहाटीच्या विमानतळाबाहेर बँड दोन तास वाजला. उतरलेले बरेच जण हात हलवून गेले. मामा काही सापडेना. साडेतीनला दाजींचा पुन्हा फोन.

"अरे, कुठं उभा आहेस नक्की?"

"पाटीखाली."

"कसल्या पाटीखाली?"

"विमानतळाच्या."

"दाराजवळच्या का?"

"दार अजून झालं न्हाई," केरबा म्हणाला. "काम चालू होतंय लवकरच."

ड्रायव्हरनं सगळ्या पाट्या शोधल्या. पावणेपाच वाजले. तेवढ्यात गायरानात हौसाबाई शेळ्या घेऊन आल्या. त्यांचा मुलगा कोइमतूरला, म्हणून त्यांच्याकडं मोठ्या पडद्याचा फोन. केरबा फोनवर काय बोलतोय ते त्यांनी जरा वेळ ऐकलं आणि त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"पावणं, बँड माघारी बोलवा. तुमचा मामा हितं माझ्या शेळ्यांत उभा हाय."

गुवाहाटीत सनई थांबली.

मुहूर्ताला पंचवीस मिनिटं होती. तिकडं सूर्य तासभर आधी मावळतो. मंडपात दिवे लागले होते. इकडं माळावर टळटळीत ऊन. केरबा मागून ओरडला, "दाजी, काळजी करू नका. गोरज व्हायला वेळ हाय. अजून हौसाकाकीची शेळी चरतीय. मी तीन तासांत येतो."

जगन्नाथराव म्हणाले, "बघा. हा यांचा शब्द."

आक्का खाली बसली. तेव्हा तेजू पुढं आली. साधी लाल साडी नेसून, मुंडावळ्या बांधून. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा मागं दिसला पाहिजे, एवढंच ना तुमचं म्हणणं? दिसेल. मोठ्या पडद्यावर घ्या त्याला."

मंडपात नवरीच्या पाटामागं बारा फुटी पडदा लावला होता, पाहुण्यांना कार्यक्रम दिसावा म्हणून. हौसाबाईंनी आपला फोन पाटीसमोर धरला आणि चित्र जोडलं गेलं. पडद्यावर केरबाचं नाक आलं. फक्त नाक.

"मामा," तेजू म्हणाली, "साडी आणलीस?"

"आणली."

"सगळ्यांना नीट दिसेल अशी लाव कुठंतरी."

केरबानं इकडंतिकडं बघितलं. माळावर लावण्यासारखी एकच गोष्ट होती. त्यानं पिवळी साडी पाटीवर चढवून नीट पसरली. वरच्या कोपऱ्यातला साहेबांचा चेहरा आणि जोडलेले हात तेवढे उघडे ठेवले, कारण चेहरा झाकू नये एवढं त्याला कळत होतं.

गुरुजींनी अंतरपाट धरला. तेजू पाठमोरी उभी राहिली. तिला आता मागं वळता येत नव्हतं.

"मामा, लई पुढं आलात," गुरुजी पडद्याकडं बघून म्हणाले. "नुसतं नाक दिसतंय. मागं व्हा."

केरबा मागं झाला.

"अजून मागं."

आणखी मागं झाला. पाठ पाटीला टेकली.

"हं, आता नवरीच्या मागं उभं राहायचं, मामा. मागं."

केरबाला तेजूचा शब्द आठवला. मागं उभं राहायचं. तो पाटीला वळसा घालून मागं गेला.

"मामा," तेजूनं मान न वळवता विचारलं, "आहेस ना मागं?"

"हाय," पाटीच्या मागून आवाज आला. "मागंच हाय."

"हलू नकोस हं."

"बरं."

तेजू हसली. पाच वाजून बारा मिनिटं झाली. अक्षता पडल्या. जगन्नाथराव पडद्यावर मामाला शोधत होते, पण मुहूर्त टळेल म्हणून तेही अक्षता टाकून मोकळे झाले.

लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरीच्या मागं मामाच्या जागी बारा फुटी साहेब उभे आहेत. पिवळी साडी नेसलेले, हात जोडलेले, हसरे. पायाशी एक शेळी. पुढच्या निवडणुकीत तो फोटो साहेबांच्या पत्रकावर छापून आला. खाली लिहिलं होतं: 'गुवाहाटीपर्यंत पोचलेलं नेतृत्व.' विमानतळ तेव्हाही लवकरच होता.

आणि केरबा? मंगलाष्टकं संपल्यावर हौसाबाईंनी फोन बंद केला आणि शेळ्या घेऊन त्या घरी गेल्या. तिकडं वाजंत्री सुरू झाली. या गडबडीत 'आता पुढं ये' असं त्याला सांगायचं सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं.